नडगी दुखते म्हणून गोळी घेण्याआधी

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की सोनारीसारख्या गावात पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं दिसू लागतात. शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण एका धावेचे, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. महिनोन्‌महिने न धावलेले पाय मग एकदम रोज डांबरीवर आपटतात. पंधरा-वीस दिवसांत कुणीतरी कडेला बसून बूट काढतो आणि नडगी दाबत म्हणतो, "शिन पेन झालंय." हा शब्द सगळ्या दुखण्यांना सरसकट लावला जातो. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

तळहात की एक बोट?

कुठे दुखतं ते हाताने दाखवायला सांगा. नडगीच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवून "हे सगळं" असं तो म्हणाला, धावायला लागताच दुखून अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुधा हाडावर आणि त्याच्या आवरणावर ताण आलेला असतो. हेच खरं शिन पेन. सर्वांत जास्त आढळणारं आणि विश्रांतीने बरं होणारं.

पण त्याने एकाच जागी बोट ठेवलं, त्या पायावर उडी मारताना तो कळवळला, रात्री अंथरुणातही ठणका लागत असला, तर हाडाला केसासारखी बारीक चीर गेल्याचा संशय घ्यावा. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. "एक्स-रे चांगला आलाय, पळ" हा सल्ला म्हणूनच घातक ठरतो. एमआरआयमध्ये ती लवकर कळते. चीर नडगीच्या पुढच्या धारेवर असेल तर ती सहज जुळत नाही, कधी शस्त्रक्रियाही लागते.

ठरावीक अंतरावर दगड होणारा पाय

काहींचं दुखणं वेगळंच असतं. सुरुवातीला काही नाही. रोज साधारण त्याच अंतरावर पाय गच्च भरतो, पाऊल बधिर पडतं किंवा नीट उचलत नाही. थांबलं की थोड्या वेळात सगळं ठीक. गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत बांधलेले असतात. धावताना स्नायू फुगतात, पण कप्प्याचं आवरण ताणलं जात नाही, म्हणून आतला दाब वाढतो. निदानासाठी धावण्याआधी आणि धावल्यावर सुईने हा दाब मोजतात. धावण्याची ढब बदलून काहींना आराम पडतो. नाहीच पडला तर आवरण शस्त्रक्रियेने मोकळं करतात.

धावताना पोटरीत गोळे येऊन पाऊल गार पडत असेल, तर गुडघ्यामागे रक्तवाहिनी दबते का, हेही तपासावं लागतं.

उपचार

शिन पेनमध्ये धावणं काही आठवडे थांबवा. सायकल आणि पोहणं चालतं. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा. पोटरीचे व्यायाम करा, झिजलेले बूट बदला. चालताना आणि दाबल्यावर दुखेनासं झालं की मऊ मातीवर थोडं थोडं सुरू करा. पावलं लहान आणि जलद टाकली की नडगीवरचा भार कमी होतो. चीर असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे धावणं पूर्ण बंद.

वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेऊन सराव करणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. दुखणं दबतं, चीर मात्र वाढत राहते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: पाळी नियमित येते का? वजन कमी करण्यासाठी पोट मारून धावणाऱ्या मुलींची पाळी चुकते, हाडं कमकुवत होतात आणि चीर लवकर पडते. हा प्रश्न लाजेपोटी राहून जातो. तालमीच्या सरांनी तो घरच्या बाईमाणसामार्फत तरी विचारावा.

वाट पाहू नये असं दुखणं

मार लागल्यावर पाय टणक होऊन असह्य दुखत असेल किंवा एकच पोटरी सुजून गरम झाली असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा.