खोलीचं भाडं कोणी भरायचं?

आमचं तळेगाव ढमढेऱ्यांचं; स्टेशनवालं ते दाभाड्यांचं. वेळ नदीकाठच्या या गावात पूर्वी भाडेकरू म्हणजे शाळेतले मास्तर, नाहीतर बँकेतला कारकून. पुढे रांजणगाव, सणसवाडीकडे कारखाने आले आणि गोठ्यांच्या जागी खोल्या उभ्या राहिल्या. आमच्याही चार आहेत.

त्यातल्या एकीत मराठवाड्यातलं एक कुटुंब राहत होतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ठेकेदाराकडची हजेरी थांबली. ‘काका, पगार झाला की देतो,’ एवढंच तो खाली मान घालून म्हणाला. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सांगितलं, की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, थकलं म्हणून कुणाला बाहेर काढू नका. सूचना माणुसकीची होती. पण पुढे ढकललेलं भाडं माफ थोडंच होतं? त्याच्या डोक्यावर ते साचत गेलं आणि खोल्यांसाठी मी काढलेल्या कर्जाचं व्याज काही थांबलं नाही.

त्याच दिवसांत अमेरिकेतल्या भाचीकडून ‘भाड्याचं व्हाउचर’ हा प्रकार कळला. तिथे १९७४ च्या कायद्यापासून ही पद्धत रुजली. गरीब कुटुंबाने घर स्वतः शोधायचं, उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के स्वतः भरायचे आणि उरलेलं भाडं स्थानिक गृहनिर्माण संस्था दरमहा थेट मालकाला देते. त्याआधी घराची तपासणी होते, भाडं त्या भागाला धरून आहे का तेही पाहतात. भाडेकरूची कमाई घटली, तर त्याचा वाटा कमी होतो, सरकारचा वाढतो. अर्थात तिथेही पात्र कुटुंबांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही आणि व्हाउचरवाला नको म्हणणारे मालकही आहेत.

आपल्याकडे असं काही नाही. उद्या आलं, तरी सरकार पैसे कुठल्या कागदावर देणार? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. माझा करार झाला होता तोंडी, चहा पिता पिता!

शेवटी ओट्यावर बसून आम्हीच ठरवलं. तीन महिन्यांतलं निम्मं भाडं मी सोडलं. उरलेलं त्याने पुढच्या दिवाळीपर्यंत फेडलं.

आता मी करार नोंदवल्याशिवाय किल्ली देत नाही. परवाच्या नव्या भाडेकरूने विचारलं, ‘नोंदणीचा खर्च कुणाचा?’ निम्मानिम्मा, असं ठरलं.