गुडघा दुखतो? आधी गिअरबॉक्स बघा

आमच्या गोंदियात धानाच्या बांध्या लहान. चिखलणीला ट्रॅक्टर सारखा वळवायचा, मागं-पुढं घ्यायचा, नि दर वेळी डाव्या पायानं क्लच दाबायचा. म्हणून गुडघे झिजलेल्या माझ्यासारख्यानं हॉर्सपॉवरआधी गिअरबॉक्स विचारावा.

कॉन्स्टंट मेश गिअरबॉक्समध्ये गिअर बदलायला सहसा ट्रॅक्टर थांबवावा लागतो. सिंक्रोमेशमध्ये चालताचालता बदलतो, पण क्लच दोन्हींत दाबावाच लागतो. सिंक्रो शटलमध्ये मागं-पुढं जायला एकच दांडा; तरी क्लच सुटत नाही. पॉवर शटलमध्ये तेलातले क्लच हायड्रॉलिक दाबानं चालतात, त्यामुळं दिशा हातानंच बदलते. हायड्रोस्टॅटिकमध्ये वेगासाठी क्लचच नको. मात्र इंजिनाची थोडी ताकद वाया जाते नि किंमतही वाढते.

पैसे मोजण्याआधी बांधीतच चालवून पाहा. पेडल किती जड, चढा-उतरायची पायरी किती उंच, हे गुडघाच सांगेल.