थंडीने रंगणारे मांजर

सयामी मांजरीची नसबंदी करताना डॉक्टर बरेचदा कुशीवरचे केस काढतात. टाके सुकतात, केस पुन्हा उगवतात. पण तेवढा चौकोन दुधाळ न उगवता गडद तपकिरी उगवतो. मालक धास्तावून परत दवाखान्यात येतात. धास्तावण्यासारखे काही नसते. केस गेल्याने तिथली कातडी गार पडली, आणि गार कातडीवर रंग धरणे हा तर या मांजराचा स्वभावच आहे. पुढे केस झडून नवे आले की डाग बहुधा पुसला जातो.

केसांना काळा-तपकिरी रंग देणारे मेलॅनिन तयार व्हायला टायरोसिनेज हे विकर लागते. सयामी मांजरात या विकराच्या जनुकात एक छोटासा बदल झालेला आहे. त्यामुळे विकर उष्णता सोसू शकत नाही. मांजराच्या शरीराचे तापमान साधारण ३८.५ अंश सेल्सिअस. तेवढ्या उबेत ते जवळजवळ निकामी होते. कान, नाक, पंजे आणि शेपूट ही टोके मात्र धडापेक्षा गार असतात. तिथे विकर कामाला लागते आणि रंग चढतो. आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब, म्हणून पिल्ले जन्मतात ती पांढरी. काही दिवसांनी कानांच्या कडा आणि नाकाचे टोक काळवंडू लागते. १९३०मध्ये रशियन संशोधक इलिन यांनी सयामी मांजरांवरील तापमानाच्या परिणामाचे प्रयोग प्रसिद्ध केले, ते याच गोष्टीचे. वय वाढते तसे धडही सावळे होत जाते. म्हातारे सयामी मांजर तरुणपणीच्या फोटोत ओळखू येत नाही, ते यामुळेच.

ही मांजरे सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची. तिथल्या ‘तमरा मेव’ या सचित्र पोथ्यांमध्ये शुभ मांजरांची वर्णने आहेत, त्यांत फिक्या अंगाचे आणि गडद टोकांचे ‘विचियन मात’ येते. ही परंपरा अयुथ्थयाच्या काळातली मानतात. १८७१मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या प्रदर्शनात सयामी मांजरे होती. ती पाहून काही इंग्रजांनी नाके मुरडली. १८८४मध्ये बँकॉकमधले ब्रिटिश अधिकारी एडवर्ड गूल्ड यांच्याकडून फो आणि मिया ही जोडी त्यांच्या बहिणीकडे इंग्लंडला गेली. तिथून आवड फोफावली आणि १९०१मध्ये सयामी मांजरांचा क्लबही निघाला.

निळे डोळे हे या मांजराचे सौंदर्य, पण मला त्यामागची गोष्ट अधिक विलक्षण वाटते. गर्भात डोळ्यांची जडणघडण होत असताना मेलॅनिनची उणीव असते, आणि डोळ्यातून मेंदूकडे निघालेले काही मज्जातंतू, ज्यांनी आपल्याच बाजूला राहायचे, तेही पलीकडच्या बाजूला जातात. मेंदूला दोन्ही डोळ्यांचा मेळ घालणे अवघड होते. जुन्या सयामी मांजरांत दिसणारा तिरळेपणा याच्याशी जोडलेला आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९७१मध्ये या चुकलेल्या वाटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दृष्टीवरच्या त्यांच्या एकूण कामाला १९८१मध्ये नोबेल मिळाले. पुढे पैदासकारांनी निवड करून तिरळेपणा कमी केला. मेंदूतली वाट मात्र तशीच चुकलेली असते.

निवडीचा अतिरेक मात्र मला खटकतो. प्रदर्शनातल्या बक्षिसांच्या ओढीने चेहरा पाचरीसारखा निमुळता, अंग काटकुळे आणि कान अवाढव्य होत गेले. जुने, गोल चेहऱ्याचे, भरीव अंगाचे मांजर आता ‘थाई’ नावाने वेगळी जात म्हणून ओळखले जाते. कुणी विचारलेच, तर मी तेच घ्यायला सांगेन.

स्वभावाने हे मांजर माणसाच्या पायात पायात असते. आवाज मोठा, खर्जातला, तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा. उत्तर मिळेपर्यंत थांबत नाही. दिवसभर कुलूप असलेल्या घरात ते एकटे ठेवू नये. ते खंतावते, अंग चाटून चाटून केस काढते. दोन मांजरे एकत्र आणलेली बरी. उंच मचाण, ओरबाडायला दोरी गुंडाळलेला खांब आणि संध्याकाळी अर्धा तास खेळ एवढे तरी हवेच. फ्लॅटच्या गॅलरीला जाळी अनिवार्य.

केस आखूड असल्याने आठवड्यातून एकदा मऊ ब्रश पुरतो. दातांची निगा जास्त महत्त्वाची: हिरड्यांचे आजार या जातीत बरेच आढळतात, म्हणून लहानपणापासून मांजरांच्या पेस्टने दात घासायची सवय लावावी. दमा आणि अमायलॉइडोसिस हेही या जातीत आढळणारे आजार, तेव्हा खोकला, धाप किंवा वजन घटणे दिसले की तपासणी करून घ्यावी. नुसत्या दूध-पोळीवर मांजर पोसू नये. त्याला मांस किंवा मासे असलेला संतुलित आहार लागतो, कारण टॉरिन हे पोषकद्रव्य त्याचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही. कांदा-लसूण घातलेली भाजी-आमटी त्याला विष. ताप आला म्हणून आपली पॅरासिटामोलची गोळी तर कधीच देऊ नका; मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही आणि एकच गोळी जीव घेऊ शकते. चुकून गिळलीच, तर लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्याकडे न्यावे आणि गोळीचे पाकीट सोबत घ्यावे.