गाडीची पन्हळ

कौलारू घरात वाढलेल्या माणसाला पागोळ्या म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. त्या दारातून आत येणाऱ्याच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून घराला पन्हळ लावतात. जुन्या मोटारींनाही ती असे. टपाच्या दोन्ही कडांना, दारांच्या वर, बोटाएवढी अरुंद पत्र्याची नाली. आजच्या गाड्यांत टपाचा जोड वरच्या खाचेत घेऊन त्यावर रबरी पट्टी बसवतात, म्हणून ती बाहेरून दिसत नाही.

आमच्याकडे १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली. हिचीच पुढे पद्मिनी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेलेल्या पद्मिनी टॅक्सी आठवा. त्यांच्या टपावरचं सामानाचं कॅरिअर याच पन्हळीला पकडून बसवलेलं असे. ट्रंका, वळकट्या, सगळा भार तिच्यावर!

गाडी अण्णांची. ते गेल्यावर आईनं ती विकू दिली नाही. पण पावसाळ्यात दार उघडलं की तिच्या खांद्यावर पाण्याची धार पडायची. मग आतल्या छताच्या कापडावर तपकिरी डाग उमटला. मी शहाणपणा केला. बाजारातून सिलिकॉनची नळी आणली आणि नालीत भरून टाकली. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता, तेव्हाच शंका यायला हवी होती. हे सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला ते चांगलं नाही. शिवाय त्यावर रंग धरत नाही. दोन पावसाळ्यांत नालीचे पापुद्रे हातात येऊ लागले.

एका गॅरेजवाल्यानं सुचवलं, "साहेब, नालीच कापून टाकू, वर पुट्टी मारू. गाडी एकदम नवीन दिसेल." मी जवळजवळ हो म्हणालो होतो. सुदैवानं त्याआधी एका म्हाताऱ्या डेंटरला गाडी दाखवली. चाचांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं नाली खरवडली आणि म्हणाले, "ही काय शोभेची पट्टी वाटली का तुम्हाला? टप इथंच पकडलेला आहे."

खरंच तसं आहे. टपाचा पत्रा आणि दारावरच्या चौकटीचा पत्रा यांच्या कडा इथं एकावर एक येतात आणि ठिकठिकाणी वेल्डिंगच्या टिपक्यांनी जोडलेल्या असतात. त्याच कडा वळवून नाली होते. दोन पत्र्यांमधली फट सीलंटनं बुजवलेली असते. वर्षानुवर्षं उन्हात ते सीलंट तडकतं, पाणी फटीत शिरतं आणि गंज आतून धरतो. वरून रंग ठीक दिसतो. मी वरून सिलिकॉन भरून आतलं पाणी आतच कोंडलं होतं. नाली कापली असती तर टिपकेही गेले असते आणि पहिल्याच खड्ड्यात पुट्टी तडकली असती.

आणखी एक कारण होतं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण तिचं मूळ रूप टिकलेलं हवं.

चाचांनी आधी आतलं छताचं कापड उतरवलं. वेल्डिंगची ठिणगी त्यावर पडली तर गाडीच जायची. मग जुनं सीलंट खरवडून काढलं आणि नाली जिथं कुजली होती तेवढीच, हातभर, कापली. वीस गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर जाडीचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून नवा तुकडा वळवला. टपाला किंचित कमान असते, त्यामुळे सरळ तुकडा बसतच नाही. तीनदा काढून पुन्हा ठोकला. वेल्डिंग सलग केलं नाही. एक टिपका इथं, दुसरा वीतभर लांब, मग थांबून पत्रा गार होऊ द्यायचा. मला घाई झाली होती. "टपाला झोळ आला तर तो काढायला मी परत मिळणार नाही," चाचा म्हणाले.

नंतर जस्ताचं प्रायमर, त्यावर ब्रशनं लावायचं, रंग धरणारं सीलंट, पातळ थरात. इथं बरेच जण नाली काठोकाठ भरतात. मग पाणी वाहायचं कुठून? दोन्ही टोकं मोकळी हवीत. कमानीमुळे पाणी पुढं-मागं वाहतं आणि खांबांलगत उतरतं.

रंगाआधी आईनं घरातला तांब्या आणला. चाचांनी नालीच्या मध्यावर हळूहळू पाणी ओतलं, मी आत बसून टॉर्चनं बघत राहिलो. मागच्या दारावर एक थेंब आला. तेवढा जोड पुन्हा खरवडला, पुन्हा वाळवला. दुसऱ्या तांब्याला आत कोरडं.

आता गाडीतून उतरताना आई आधी वर बघते. खांद्यावरचा पदर मात्र अजून सवयीनं डोक्यावर घेते.