‘मा’ कुणी पळवला?

समजा, तुम्ही केज किंवा धारूरच्या शाळेत संगणकावर बसलाय. वर्डमध्ये ‘माझी शाळा’ निबंध टाइप करताय. अर्धं पान झालं आणि लाइट गेली! लाइट आल्यावर फोल्डर उघडलं, लपलेल्या फाइली दाखवायला सांगितलं, तर निबंधाशेजारी ही कोण? ‘~$झी शाळा’. अरे, ‘मा’ कुठे गेला?

घाबरू नका, हा व्हायरस नाही. फाइल उघडली की वर्ड स्वतःच शेजारी ही चिमुकली फाइल ठेवतं. जेमतेम 162 बाइटची! मूळ नाव फार छोटं नसेल, तर त्यातली पहिली दोन चिन्हं काढून तिथे ~$ लावतं. (संगणकाच्या हिशेबात ‘म’ एक आणि काना दुसरा, म्हणून अख्खा ‘मा’ गेला.) फाइल कुणी उघडलीय, त्याचं नाव तिच्यात असतं. नेटवर्कवर दुसऱ्या कुणी तोच निबंध उघडला, तर वर्ड त्याला त्या नावासकट सांगतं, की यावर काम चालू आहे. मला ही इवलीशी पहारेकरीण फार आवडते! निबंध बंद केला की वर्ड तिला पुसून टाकतं. पण लाइटच गेली, तर पुसणार कोण?

अशा कामापुरत्या फाइली बरेच प्रोग्राम बनवतात. स्लॅब पक्का झाला की सेंट्रिंग काढतात ना, तशा त्या काम संपल्यावर काढायच्या असतात. काम मध्येच तुटलं की राहून जातात आणि जागा अडवतात.

साफसफाईची घाई मात्र नको. आधी वर्ड उघडा. ते सहसा दर 10 मिनिटांनी तुमचं लिखाण वेगळं जपून ठेवतं, त्यामुळे बुडालेला निबंध बराचसा परत मिळू शकतो. तो सेव्ह करा, सगळे प्रोग्राम बंद करा. मग सरांना विचारून विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, %temp% लिहा आणि एंटर मारा. अशा कामापुरत्या फाइलींचं फोल्डर उघडेल. केवढा पसारा! खुशाल पुसा. ‘फाइल वापरात आहे’ असं आलं, तर ती सोडून द्या. शेवटी रिसायकल बिनही रिकामा करा, नाहीतर जागा मोकळी होत नाही.

छपाईतही अशीच गंमत. ई-सेवा केंद्रात लाइट येते आणि प्रिंटर आपणहून कुणाचा तरी सातबारा छापू लागतो! छपाईसाठी बनवलेली फाइल डिस्कवर तशीच राहिलेली असते. म्हणून आधार कार्डाची प्रिंट अर्धवट राहिली, तर ती रांगेतून रद्द करायला लावा आणि मगच घरी निघा.