'सोसायटी'तील सदनिका : सभासदत्वाची आणि कर्जाची भाषा



मलकापूरच्या बाजारपेठेत 'सोसायटीत नाव आहे का?' असे कुणी विचारले, तर ऐकणाऱ्याला पीककर्ज देणारी विकास सेवा संस्था आठवते. हाच प्रश्न शाहूवाडी तालुक्यातून नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या माणसाला केला, तर त्याच्यासमोर आपली इमारत आणि दरमहाचे देखभाल शुल्क उभे राहते. शब्द एक, संस्था दोन; परंतु दोन्हींवर अंमल चालतो तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 याचाच. त्यामुळे गावाकडील सोसायटीचा व्यवहार पाहिलेल्या विद्यार्थ्याला गृहनिर्माण संस्थेची कागदपत्रे वाटतात तितकी परकी नाहीत. या उपघटकात आपण ती व्यावहारिक मराठीचा नमुना म्हणून वाचणार आहोत.

'घर घेतले' या बोलीतील क्रियापदात दोन स्वतंत्र कृती दडलेल्या असतात. करारनाम्याने सदनिका मिळते; सभासदत्व मिळते ते संस्थेच्या निर्णयाने, आणि त्याचा पुरावा म्हणजे भागपत्र. हा भेद जुना आहे. 1915 मध्ये मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, तेव्हा इमारती संस्थेच्या होत्या आणि सभासदाकडे भाग व राहण्याचा हक्क होता. आज बहुतेक संस्था सदनिकांची विक्री झाल्यानंतर स्थापन होतात. तरीही 'सभासद' आणि 'भाग' हे शब्द टिकून आहेत.

सभासद होण्यास पात्र कोण? कायद्याचे उत्तर थोडक्यात असे : करार करण्यास सक्षम, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेली व सुबुद्ध व्यक्ती. आदर्श उपविधींनुसार प्रवेश शुल्क 100 रुपये असते आणि एक भाग 50 रुपयांचा असतो. 'पुरेशा कारणाशिवाय' प्रवेश नाकारता येत नाही. हे दोन शब्द अर्जदाराची खरी ढाल आहेत. कलम 22 नुसार अर्जावरील निर्णय तीन महिन्यांत कळवला नाही, तर अर्जदार 'मानीव' सभासद ठरतो. कोरीव, रेखीव, आखीव यांच्या पंगतीतील हा अस्सल मराठी '-ईव' प्रत्यय कायद्याच्या संस्कृतप्रचुर भाषेत कसा सुखाने नांदतो, ते पाहण्यासारखे आहे.

'सभासद' या नामाआधी येणारे विशेषण मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावे. 2019 च्या दुरुस्तीनंतर संयुक्त सभासद म्हणजे सदनिकेत ज्याचा हक्क आहे, परंतु ज्याचे नाव पहिले नाही, अशी व्यक्ती. सहयोगी सभासद म्हणजे सभासदाच्या संमतीने प्रवेश मिळालेला पती, पत्नी किंवा अन्य जवळचा नातलग. या नोंदीने त्याला मालकी मिळत नाही. नामनिर्देशित व्यक्तीचेही तसेच. सभासदाच्या मृत्यूनंतर तिला मिळते ते वारस निश्चित होईपर्यंतचे तात्पुरते सभासदत्व. 'नॉमिनी म्हणजे वारस' या समजुतीने भावाभावांत कोर्टकज्जे उभे राहिले आहेत.

आता कर्जाकडे वळू. येथील शब्दसंपदा बहुतांशी फारसी-अरबी वळणाची आहे : कर्ज, जामीन, हप्ता. 'हप्ता' म्हणजे मुळात आठवडा; आपण मात्र 'मासिक हप्ता' म्हणतो आणि त्यात कुणालाच विसंगती जाणवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वाणिज्य बँका 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकतात. यातील 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय मर्यादा सांगते, आश्वासन देत नाही. 20 लाखांच्या सदनिकेला 18 लाखांहून अधिक कर्ज मिळणार नाही. उत्पन्न अपुरे दिसले तर त्याहूनही कमी मिळेल. उरलेले दोन लाख, शिवाय मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च, स्वतःजवळ हवा. शेती आणि छोटा व्यापार असणाऱ्याकडे पगारपत्रक नसते. त्याने आयकर विवरणपत्रे आधीपासून भरलेली असणे म्हणूनच मोलाचे.

कर्जकरारातील सर्वांत वजनदार शब्दबंध 'संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे' हा आहे. दोघा सहकर्जदारांना त्याचा अर्थ 'निम्मे-निम्मे' असा वाटतो. तो तसा नाही. दोघांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण रक्कम मागता येते. जामीनदाराचेही तेच. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 128 नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते; कर्जदाराकडून वसुली थकल्यावरच बँक जामीनदाराकडे येईल, असा भरवसा नाही. 'पाहुण्यांसाठी नुसती सही केली' या वाक्यातील 'नुसती' हे विशेषण कायदा ओळखत नाही.

'बोजा' हा शब्द आपण सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' या रकान्यात पाहिलेला आहे. सदनिका तारण दिल्यावर तो संस्थेच्या दप्तरी नोंदवला जातो. कर्ज फिटले की बँकेकडून बेबाकी दाखला घ्यावा आणि बोजा कमी करण्यासाठी संस्थेला लेखी कळवावे. 1 डिसेंबर 2023 पासूनच्या नियमानुसार पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागदपत्रे परत मिळाली पाहिजेत. विलंब बँकेमुळे झाल्यास दररोज 5,000 रुपये भरपाई देय असते.

स्वाध्याय : आपल्या गावातील सोसायटीचा कर्जमागणी अर्ज आणि एखाद्या बँकेचा गृहकर्ज अर्ज मिळवा. दोन्हींतील 'हमी', 'बांधील' आणि 'जबाबदार' असे शब्द असलेली वाक्ये उतरवून घ्या आणि प्रत्येक वाक्यातील कर्ता कोण, ते लिहा.