रूळ गेले, वाट राहिली

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ओटॅगो या डोंगराळ मुलखांत लोकर व फळें बंदराकडे नेणारा एक लोहमार्ग होता. १८७९ सालीं काम सुरू होऊन १९०७ सालीं तो क्लाईड गांवीं पोहोंचला. पुढें माल मोटारींकडे वळला, आणि क्लाईडच्या धरणाचें सामान वाहून झाल्यावर १९९० सालीं मार्ग बंद पडून रूळ उपटले गेले.

अशा मोकळ्या पट्ट्याचें पुढें काय होतें, हें महसूल खात्यांत नकाशे चाळण्यांत जन्म गेलेल्या मजसारख्यास सांगावयास नको. लगतचा खातेदार दरसाल नांगराचीं दोन तासें पुढें सरकतो, आणि नकाशांतील पाणंद जाग्यावर सांपडत नाहीं. तेथें मात्र १९९३ सालीं सरकारच्या निसर्गसंरक्षण खात्यानें पट्टा अखंड ताब्यांत घेतला. पुलांवर फळ्या व कठडे बसविले, बारीक खडी पसरली, आणि २००० सालीं क्लाईड ते मिडलमार्च ही १५२ किलोमीटरची वाट सायकलस्वार, पादचारी व घोडेस्वार यांस खुली झाली. मोटारीस मज्जाव आहे. पन्नास हातांस एक हात, याहून खडा चढ कोठें नाहीं; आगगाडीकरितां केलेली आंखणी ती!

प्रारंभीं कांहीं शेतकऱ्यांनीं विरोध केला. मेंढ्यांच्या कुरणालगत परक्यांचा वावर कोणास रुचेल? परंतु पुढें वाटेवरच्या गांवांत खानावळी व सायकली भाड्यानें देणारे उभे राहिले, आणि कित्येक शेतघरांतही पाहुणे पैसे देऊन उतरूं लागले. त्यांची गर्दी तेथील उन्हाळ्यांत, म्हणजे आपल्याकडे ज्वारी हुरड्यास येते त्या दिवसांत असते.